भुऱ्याचं वजन

पुण्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं किराणा दुकान आहे. तिथे गूळ अजून ढेपेनं येतो आणि मालक तो लोखंडी सळईनं फोडून देतात. पावसाळी दिवसांत सळईला गंज धरलेला असतो, ढेपेला पाझर सुटलेला असतो, आणि पहिला घाव पडला की एक वास उठतो. वर गुळाचा, गोड, जरासा करपल्यासारखा. आणि त्याच्या पोटात लोखंडाचा, थंड, तुरट, दातांवर येणारा. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं असतात, कुणाचं तांदळाचं माप चाललेलं असतं, मागे कुणी तरी दुचाकीचा हॉर्न वाजवत असतं. मी तेवढ्यापुरती तिथे नसते. माझ्या लेखी तो वास गुळाचाही नाही आणि लोखंडाचाही नाही. तो एका कुत्र्याच्या तोंडाचा वास आहे.

सांगते. घाई नाही ना तुम्हाला?

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याच्या अंगाला, बालाघाटाच्या पठारावर. मांजरा नदी याच तालुक्यात उगवते. ती आमच्याकडं जन्मते आणि मोठी व्हायला खाली निघून जाते, लेकीसारखी, असं आजी म्हणायची. म्हणताना ती माझ्याकडं बघायची नाही. मी लग्न होऊन पुण्याला आले, रेशन कार्डावरून माझं नाव रीतसर कमी झालं, आणि त्यानंतर दर दिवाळीला मी त्या पठारावर परत जायचे ते बहुधा एवढ्याचसाठी, की ऑक्टोबरातला तिथला उजेड दुसरीकडं कुठं मिळत नाही. माळावरचं गवत वाळायला लागलेलं असतं, बांधावरची सीताफळं डोळे उघडत असतात, आणि संध्याकाळी ऊन इतकं आडवं होतं की गोठ्यातल्या गाईच्या पापण्यांचे केससुद्धा एकेक करून दिसतात. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या बांधावरच्या झाडांना त्याची खबर नाही. ती पूर्वीसारखीच पाखरांना अर्धी वाटून उरलेली आम्हाला देतात.

गाईचं नाव तांबू. लाल कंधारी, रंगानं भाजलेल्या विटेसारखी, अंगानं बेताची, डोळ्यांनी फार शहाणी. आणि कुत्र्याचं नाव भुऱ्या.

भुऱ्या आमचा नव्हता. कोपऱ्यावरच्या घरातलं जोडपं दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात; दोन माणसं, मोजणीत एक. ट्रकमध्ये भांडी चढली, लेकरं चढली, शेळी चढली, कोंबड्यांची पाटी चढली. एका वर्षी पिल्लू चढायचं राहिलं. राहिलं की ठेवलं, ते मी कधी विचारलं नाही. धुळीच्या रंगाचं ते पोर दोन दिवस ट्रक गेलेल्या वाटेवर बसून होतं, तिसऱ्या दिवशी पाऊस आला तसं उठून आमच्या गोठ्यात शिरलं आणि तांबूच्या पोटाशी जाऊन निजलं. तांबूनं मान वळवून एकदा हुंगलं आणि परत रवंथ करायला लागली. भुऱ्याला आमच्या घरी ठेवून घ्यायचा निर्णय तिचा. आम्ही नुसतं मान्य केलं.

त्यापुढं तो होता, एवढंच. कुणी त्याला पाळलं नाही, कुणी हाकललं नाही. उरलेली भाकरी त्याच्या वाट्याला यायची आणि न उरली तर तो गावात फिरून यायचा. चंपाषष्ठीला मात्र आजी खंडोबाच्या नैवेद्यातला भरीत-रोडग्याचा घास पहिल्यांदा त्याच्यापुढं ठेवायची, हात जोडायची, आणि दुसऱ्या दिवशी तोच भुऱ्या ओसरीवर आला की त्याला पायताण दाखवायची. देव असायला त्याला वर्षातला एक दिवस पुरत होता.

२०१९ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. आमच्याकडं तर तो अजून सरला नाही असं कधी कधी वाटतं. विहिरीत दोर सोडला की बादली दगडावर वाजायची. त्या साली राज्यात चारा छावण्या सगळ्यांत जास्त बीड जिल्ह्यातच होत्या. दादांनी तांबूला छावणीत नेलं आणि तिच्याबरोबर स्वतःही तिथंच राहिले, चार काठ्यांवर एक साडी ताणून. मागं मागं भुऱ्या गेला. छावणीत सगळ्याला हिशेब होता. मोठं जनावर, लहान जनावर. मोठ्याला दिवसाला आधी ९०, मग १०० रुपये, लहानाला त्याच्या निम्मे. कानातला पिवळा बिल्ला, त्यावरचा बारा आकडी नंबर, तो मोबाइलनं टिपून घेणारा पोरगा. कुत्र्याला रकाना नव्हता. दादांचा डबा घरून यायचा, त्यातली अर्धी भाकरी भुऱ्याला जायची, आणि आजीला ते कळत असणार, कारण उन्हाळाभर ती डब्यात एक भाकरी जास्त घालत राहिली आणि कधी त्याबद्दल बोलली नाही.

पाऊस पडला, छावणी उठली, तांबू घरी आली ती बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. तशातच ती गाभण होती. दसऱ्याच्या आधी व्याली. कालवड झाली. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, हिच्या हाडातलं सगळं वासरात गेलंय, हिला क्षार मिश्रण सुरू करा, दिवसाला पन्नास ग्रॅम, चुकवू नका. एक किलोचा पुडा आला. राखाडी रंगाची मऊ भुकटी. चुनखडीसारखी दिसणारी, पण नाकाशी धरली तर ओल्या गजाचा वास येणारी.

तिचा खुराक कालवणं हा घरातला एक सोहळाच होऊन बसला होता. सरकीची पेंड दुपारीच भिजत घालायची, ती फुगून आली की हातानं फोडायची, वर गुळाचा खडा कुस्करून पाण्यात विरघळवून ओतायचा, आणि अगदी शेवटी, पेंड कोमट असताना, माप भरून ती भुकटी. भुकटी पडली की वास बदलायचा. एरवी पेंडीचा वास गोड, तेलकट, आळसावलेला; तिच्यात हे लोखंड उतरलं की तो एकदम जागा व्हायचा. दादा माप म्हणून चहाचा एक जुना कप वापरायचे, त्याला आतून त्यांनी खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या वर कण जाऊ द्यायचे नाहीत. गाईच्या तोंडात काय जातं ते त्या घरात सोन्यासारखं मोजलं जात होतं, आणि भुऱ्या शेजारी बसून, मान एका बाजूला टाकून, ते मोजणं बघत असायचा.

वसुबारसेच्या संध्याकाळी खुराक कालवायला मी बसले. माहेरी आलेल्या बाईला अशा कामांचा हट्ट असतो. दिवसभर पावसाची बुरबुर होती. त्या दिवाळीत परतीचा पाऊस जायलाच तयार नव्हता, सोयाबीन शेतात काळं पडलं होतं, आणि तरी आजीनं गाय-वासराची पूजा नेहमीसारखीच साग्रसंगीत केली. हळद-कुंकू, हार, ओवाळणं. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवशी आमच्या घरातल्या बाया गाईचं दूध, दही, तूप काही खात नाहीत. ते सगळं वासराचं. मी कप रेघेपर्यंत भरला, कालवलं, टोपलं तांबूपुढं सरकवलं. एवढ्यात लाइट गेली. माय आतून हाक मारायला लागली, चिमणी कुठं आहे, काडेपेटी कुठं आहे. मी उठले. पुडा गव्हाणीच्या कठड्यावर, तोंड उघडं, आणि त्याच्या शेजारी अर्धा कुस्करलेला गूळ.

तिथंच राहिला.

भुऱ्या सापडला तो तासाभरानं. मोबाइलच्या उजेडात त्याचं तोंड राखाडी दिसलं, भस्म लावल्यासारखं, मिशांच्या केसांना गुळाचे थेंब चिकटलेले. पुडा खाली पडलेला, फाटलेला, जमिनीवर भुकटी आणि चिखल एक झालेला. त्यानं माझ्याकडं पाहून शेपटी हलवली. मी खाली बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तेव्हा तो श्वास माझ्या चेहऱ्यावर आला. गूळ आणि लोखंड. गरम.

आधी सगळे हसले. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतरच्या रात्रीत ते हसणं कुठं ठेवावं ते कुणालाच सुचलं नाही. "कॅल्शियमच खाल्लंय नव्हं," दादा म्हणाले, "हाडं टणक व्हतील बेट्याची." गाईचं औषध ते, गाईला चांगलं तर कुत्र्याला काय वाईट? आजी म्हणाली, वसुबारस आहे, त्यानंही आज गाईचा घास खाल्ला. आम्ही जेवायला बसलो. गवारीची भाजी अर्धी संपली असेल तेव्हा बाहेरून तो आवाज आला, पोटातून काही तरी खरवडून काढल्यासारखा.

एकदा. पुन्हा. पुन्हा.

शेजारचे नाना धावत आले. त्यांच्याकडं प्रत्येक दुखण्याला एक उपाय तयार असतो आणि तो ते मोठ्यानं सांगतात. "मिठाचं पाणी पाजा. वाटीभर मीठ. भडाभडा ओकंल, मोकळा व्हईल." मायनं मिठाचा डबा आणलासुद्धा. कुणी म्हणालं, चुलीतला कोळसा उगाळून द्या, विष ओढून घेतो. कुणी म्हणालं, दूध पाजा, दुधानं विष मरतं. दूध म्हटल्याबरोबर सगळ्यांनी आजीकडं पाहिलं. ती चिमणीच्या उजेडात उंबऱ्याशी उभी होती. आजच्या दिवशी दुधाला हात लावायचा नाही, हे तिनं साठ वर्षं पाळलेलं. तिनं भुऱ्याकडं पाहिलं, गोठ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "द्या. माझ्याच्यानं बघवंना. वासराला मी सांगते."

दूध दिलं गेलं नाही, कारण तेवढ्यात दादांचा फोन लागला. आमच्याकडं फोन लागणं ही पठारावरच्या एका विशिष्ट दगडावर उभं राहण्याची गोष्ट आहे. दादा पावसात, डोक्यावर पोतं घेऊन, त्या दगडावर उभे होते आणि फोन स्पीकरवर होता. (आता १९६२ या नंबरावर जनावरांच्या फिरत्या दवाखान्याला फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, तेव्हा आम्हाला तो ठाऊक नव्हता.) डॉक्टरांचा आवाज झोपेतला नव्हता. मागं भांड्यांचा आवाज येत होता, त्यांच्याही घरी जेवणं चालली असावीत.

"काय पाजलं का आत्तापर्यंत?"

"न्हाई अजून. मिठाचं पाणी पाजायलाव."

"हां हां, अजिबात नको. मीठ मेंदूला चढतं कुत्र्याच्या. जे खाल्लंय त्यापेक्षा मिठानंच मरायचं. कोळसा नको, कोळसा लोहाला धरत नाही. काहीच नको. आपोआप ओकतंय ना? ओकू द्या. आता पुडा घ्या हातात आणि मागची बारीक अक्षरं वाचा."

मी वाचली. मोबाइलचा उजेड, फाटलेला ओला कागद, आणि त्यावरची नावं. कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, लोह, जस्त, तांबं, मँगनीज, आयोडीन, कोबाल्ट. एखाद्या कीर्तनात देवांची नावं घ्यावीत तशी मी ती पावसात मोठ्यानं वाचत होते आणि एकेका नावाला डॉक्टर हूं म्हणत होते.

"डी थ्री लिहिलंय का कुठं? व्हिटॅमिन डी?"

"नाही."

त्यांनी श्वास सोडला. मला तो ऐकू आला. ते असतं तर दोन दिवस काही दिसलंच नसतं, म्हणाले, आणि मग तहान लागून लागून मूत्रपिंडं गेली असती. पातळ टॉनिकांत असतं ते, माणसांच्या गोळ्यांतही. मग लोहाचा आकडा विचारला. शून्य पूर्णांक चार टक्के. मग विचारलं, पुड्यात किती होतं आणि आता किती उरलंय. दादांनी लगेच सांगितलं. नऊ दिवसांचे नऊ कप वापरलेले, आजचा दहावा, म्हणजे निम्मा पुडा राहायला हवा होता. फाटक्या पुड्यात उरलेली भुकटी त्यांनी त्याच कपानं मोजली, चिखलातली अंदाजानं धरली. फार तर दीडशे ग्रॅम गेली असेल पोटात. गाईचा हिशेब तोंडपाठ होता.

"बरं. कुत्र्याचं वजन किती?"

त्या दगडाभोवती आम्ही सहा-सात माणसं उभी होतो. कुणीच बोललं नाही. पाऊस तेवढा पोत्यावर वाजत होता. तांबूचं वजन छावणीत जाताना किती, येताना किती, व्याल्यावर किती, ते आजीसुद्धा सांगू शकली असती. कालवड जन्मली तेव्हाचं वजन वहीत होतं. कापसाचं, सोयाबीनचं, माझ्या मुलीच्या जन्माचं. सहा वर्षं आमच्या दारात झोपलेल्या जिवाचं वजन किती, हा प्रश्न त्या पठारावर पहिल्यांदाच विचारला गेला होता.

"मोजून सांगतो," दादा म्हणाले.

कापूस तोलायचा ताणकाटा माळ्यावर होता. नानांनी तो गोठ्याच्या तुळईला अडकवला. रिकामं पोतं आणलं, त्यात भुऱ्याला अलगद उतरवलं, तोंड बाहेर, आणि पोत्याची टोकं बांधून आकड्याला लावली. दादांनी हात काढून घेतले. तो लोंबकळत राहिला. त्यानं धडपड केली नाही, भुंकला नाही. कान पाडून, डोळे मोठे करून, आळीपाळीनं आमच्या सगळ्यांकडं बघत राहिला. ओकून ओकून थकला होता, त्याचं अंग अधूनमधून थरथरत होतं आणि प्रत्येक थरथरीला काट्याची सुई इकडून तिकडं व्हायची. सगळे त्या सुईकडं बघत होते. तांबू रवंथ थांबवून बघत होती. एखाद्याकडं सगळ्या घरानं एकाच वेळी, एवढं मन लावून पाहावं असं माझ्या तरी वाट्याला कधी आलं नाही, अगदी मांडवातही नाही.

सुई थांबली. दादांनी पोत्याचं वजन वजा केलं आणि परत त्या दगडावर जाऊन सांगितलं.

"सतरा किलो."

डॉक्टरांनी हिशेब केला, पलीकडून पुटपुटत. दीडशे ग्रॅमात सहाशे मिलिग्रॅम लोह. सतरानं भागलं की किलोमागं पस्तीस. विसाच्या आत असतं तर पोट बिघडून भागलं असतं, साठाच्या वर गेलं असतं तर अवघड होतं. आपण मधे आहोत, म्हणाले. आणि बरंचसं ओकलंय, ते आपल्या बाजूचं. जस्तानंही ओकतंय, ते ओकणं चांगलंच. पहाटे येतो.

फोन ठेवायच्या आधी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि त्या रात्रीतली तीच माझ्या मनातून जात नाही. लोह फसवतं, म्हणाले. सहा-आठ तासांनी कुत्रं शांत होईल, शेपटी हलवेल, खायलाही मागेल. तुम्हाला वाटेल, सुटलं. ते बरं होणं खरं असेल किंवा नसेल. दिवसभरात परत पडू शकतं, आणि दुसऱ्यांदा पडलं की यकृतावर गेलेलं असतं. म्हणून बरं दिसलं तरी झोपू नका.

आम्ही झोपलो नाही. पाऊस थांबला होता. गोठ्यात पणती ठेवली, वसुबारसेची दुसरी. दादांनी भुऱ्याखाली तेच पोतं अंथरलं. ओकाऱ्या कमी झाल्या. मी त्याच्या डोक्याशी बसले आणि तो श्वास सोडायचा तेव्हा तो वास यायचा, आधी गडद, मग विरळ होत गेलेला. वास विरळ होतोय म्हणजे काय होतंय ते मला कळत नव्हतं. लोखंड बाहेर निघून जातंय की आत आत, रक्तात उतरतंय? मी नाक त्याच्या तोंडाजवळ नेऊन पुन्हा पुन्हा हुंगत होते, जणू मला त्यातलं काही कळणार होतं. मध्यरात्रीनंतर कधी तरी आजी आली, भिंतीला टेकून बसली, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "कोयतेवाले गेले तवा ह्यो वाटंवर बसला व्हता. म्या भाकरी टाकली व्हती पयल्या दिशी. तू न्हवतीस." मला हे माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. म्हणजे निर्णय एकट्या तांबूचा नव्हता तर.

चारच्या सुमाराला भुऱ्यानं मान उचलली. शेपटी हलवली. उठून दोन पावलं गेला, पाणी प्यायला, आणि येऊन नेमका त्या गव्हाणीच्या कठड्याखाली उभा राहून वर बघायला लागला. नाना हसले, "सुटला गड्या." आम्ही कुणी हसलो नाही. त्याच्या शेपटीकडं मी इतक्या संशयानं कधी पाहिलं नव्हतं. ज्याच्या आनंदाला कधी दुसरा अर्थ नसतो असा तो एकटाच प्राणी आमच्या घरात, आणि त्याच्या आनंदावर विश्वास ठेवू नका असं आम्हाला बजावलेलं. सकाळ व्हायला त्या दिवशी फार वेळ लागला.

डॉक्टर मोटारसायकलवर आले तेव्हा पूर्वेला नुसता राखाडी उजेड होता, त्या भुकटीच्या रंगाचा. पुढच्या पायाचे केस कापले, सुई लावली, आणि सलाईनची बाटली टांगायला जागा शोधायला लागले. दादांनी तांबूचं दावं काढून ती खुंटी मोकळी करून दिली. थेंब थेंब पडत राहिले. पोटासाठी एक इंजेक्शन दिलं. हिरड्या दाबून बघितल्या, त्या परत गुलाबी किती वेगानं होतात ते. तीन दिवस रोज यायचे. शी काळी होईल, घाबरू नका, पण मला सांगा, म्हणाले. पैसे विचारले तर म्हणाले, औषधाचे द्या. आणि जाताना गव्हाणीवरचा तो कप उचलून, आतली रेघ बघून, जागेवर ठेवला.

तो दिवस गेला. दुसरा गेला. भुऱ्या पुन्हा पडला नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यानं फटाक्याला घाबरून माझ्या पलंगाखाली आसरा घेतला आणि आजीनं त्याला पायताण दाखवलं नाही. एवढंच काय ते घडलं म्हणायचं. पुढं पुडा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात आणि डबा माळ्यावर गेला, जिथं ताणकाटा असतो तिथंच. दिवाळी झाल्यावर मी पुण्याला परतले तेव्हा दादांनी तो फाटका पुडाही नीट घडी करून वहीत ठेवलेला दिसला. कशासाठी, विचारलं तर म्हणाले, बारीक अक्षरं लागतात कधी.

दोन वर्षांनी, २०२१ च्या डिसेंबरात, आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावजवळच्या लवूळ गावाची बातमी जगभर गेली. वानरांनी तिथली कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेली, ती पडून मेली, आणि बातमीत आकडा होता अडीचशे. वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. परदेशातल्या वर्तमानपत्रांनीसुद्धा छापलं, लोक विनोद करत राहिले. मी तो आकडा वाचत राहिले. अडीचशे हे कुणी मोजले असतील? ज्या गावात, ज्या जिल्ह्यात, कुत्र्याला छावणीत रकाना नाही, तिथं मेलेल्या पिल्लांचा एवढा गोळाबेरीज आकडा कुठून आला? माझा त्यावर विश्वास नाही. जिवंतपणी मोजलेलं एकच कुत्रं मला ठाऊक आहे. तसं म्हणायला पशुगणनेवाला एकदा येऊन गेला होता, त्यानं गाय एक, शेळ्या दोन लिहून झाल्यावर "कुत्रं?" असं विचारलं होतं, आणि दादा तेव्हा उगीच हसले होते.

गेल्या वर्षी घर आवरताना ती वही माझ्या हाती आली. लाल पुठ्ठ्याची, सोसायटीचं नाव छापलेली, कडा तेलकट. घडी केलेला पुडा अजून आत होता; उघडून हुंगला, वास गेलेला होता. वहीत तांबूच्या भरवल्याच्या तारखा, व्याल्याच्या तारखा, दुधाचे लिटर, पेंडीचे भाव, कर्जाचे हप्ते. आणि दिवाळीच्या पानावर, दर वर्षी, दादांच्या तिरप्या अक्षरात एक ओळ. वसुबारस २०१९, भुऱ्या १७ किलो. वसुबारस २०२०, भुऱ्या १८ किलो. २०२१ ला साडेसतरा. त्या साली मी घरीच होते आणि त्यांनी त्याला पोत्यात घालून तुळईला टांगलेलं मला दिसलंही नव्हतं. पहाटे, कुणी उठायच्या आत करत असावेत. २०२२ ला १५. २०२३ ला १२.

त्याखालच्या ओळीत तांबूच्या कालवडीचं पहिलं वेत लिहिलेलं आहे.